कळा आणल्या तर सिझेरियनची शक्यता खरोखर वाढते का?

चैत्रपालवी · सोमवार, सकाळी १०:२०

नमस्कार. माझे हे पहिलेच बाळंतपण आहे. आज ३९ आठवडे २ दिवस पूर्ण झाले असून मी नाशिकला माहेरी आले आहे. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आजवर व्यवस्थित आहे. बाळाचे डोके खाली आहे, पण ते अजून नीट उतरलेले नाही. डॉक्टरांनी परवा तपासून सांगितले की येत्या शनिवारी चाळीस आठवडे भरतील. तोवर कळा आल्या नाहीत तर सकाळी दाखल व्हा, आपण जेल ठेवून कळा आणू. कारण विचारले तेव्हा "तारीख उलटू द्यायला नको" एवढेच उत्तर मिळाले, आणि बाहेर वीस जणी बसलेल्या असल्याने मीही पुढे काही विचारले नाही.

माझ्या नणंदेला अशाच कळा आणल्या होत्या आणि रात्री सिझेरियन झाले. आईच्या शेजारणीच्या सुनेचेही तसेच झाले. आईचे म्हणणे असे की नऊ महिने नऊ दिवस म्हणजे शब्दशः नऊ दिवस वरचे असतात, तेवढी वाट पाहावी आणि निसर्गाला त्याचे काम करू द्यावे. सिझेरियन आवश्यक असेल तर माझी अजिबात हरकत नाही. पण आपण घाई केल्यामुळे ते ओढवले असे नंतर वाटायला नको. कळा आणल्याने सिझेरियनची शक्यता वाढते, हे खरे आहे का? ज्यांना अनुभव आहे किंवा ज्यांचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया लिहावे.

रानजाई · सोमवार, सकाळी ११:०५

माझा अनुभव सांगते. तीन वर्षांपूर्वी ३८ आठवडे ६ दिवसांना मला "पाणी थोडे कमी आहे" असे सांगून दाखल करून घेतले. सकाळी आठ वाजता कळांचे सलाईन सुरू झाले. दिवसभर कळा येत होत्या, पण त्या पोटात कमी आणि कमरेत जास्त होत्या. संध्याकाळी सात वाजता एकदा तपासले, "काही प्रगती नाही" म्हणाल्या आणि अर्ध्या तासात मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. मुलगी सुखरूप आहे, त्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते. तरीही त्या दिवशी माझे शरीर नापास झाले, ही भावना अजून पूर्णपणे गेलेली नाही. माझ्या मते उत्तर "होय, वाढते" हेच आहे.

तुळशीवृंदावन · सोमवार, सकाळी ११:३०

मला दोन्ही वेळा कळा आणल्या आणि दोन्ही वेळा नॉर्मल झाले. एकीचे असे होते, दुसरीचे तसे. त्यावरून काही ठरवता येणार नाही असे वाटते.

कृष्णाकाठ · सोमवार, दुपारी २:४५

मी सांगली भागात स्त्रीरोग आणि प्रसूती या विषयात वीस वर्षे काम करते आहे. हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुलना नेमकी कोणाची कोणाशी करायची, हे आधी ठरवायला हवे. ज्यांना कळा आणल्या त्या बायका एका बाजूला आणि ज्यांना आपोआप कळा आल्या त्या दुसऱ्या बाजूला अशी मांडणी केली, तर पहिल्या गटात सिझेरियन जास्त दिसते. जुन्या अभ्यासांत असेच दिसत असे, आणि आम्हीही शिकताना तेच शिकलो. पण आज तपासणीला आलेल्या बाईपुढे "आपोआप कळा येणे" हा पर्यायच नसतो. तिच्यापुढे दोनच पर्याय असतात: आज कळा आणायच्या, किंवा आज घरी जाऊन वाट पाहायची. घरी गेलेलीला परवा कळा येतील. किंवा रक्तदाब वाढून तिला आठवड्याने घाईने दाखल करावे लागेल. किंवा एक्केचाळीस आठवडे उलटून शेवटी कळाच आणाव्या लागतील आणि तोवर बाळ आणखी मोठे झालेले असेल. वाट पाहण्याच्या पारड्यात हे सगळे घालूनच तुलना करावी लागते.

अशी तुलना करणारा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तो ‘अराइव्ह’ या नावाने ओळखला जातो आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. ४१ रुग्णालयांतील ६,१०६ पहिलटकरणी, ज्यांना कोणताही आजार नव्हता, त्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला ३९ व्या आठवड्यात कळा आणल्या, दुसऱ्या गटाने वाट पाहिली. सिझेरियनचे प्रमाण पहिल्या गटात १८.६ टक्के आणि दुसऱ्या गटात २२.२ टक्के निघाले, म्हणजे कळा आणलेल्या गटातच कमी. गरोदरपणातला रक्तदाब वाढण्याचे प्रमाणही ९.१ विरुद्ध १४.१ टक्के होते. विशेष म्हणजे यातल्या निम्म्याहून अधिक जणींचे गर्भाशयाचे तोंड सुरुवातीला तयार नव्हते. त्याआधी १९९२ साली कॅनडात एक्केचाळीस आठवड्यांवर गेलेल्या बायकांचा मोठा अभ्यास झाला होता, त्यातही कळा आणलेल्या गटात सिझेरियन थोडे कमीच होते.

म्हणून चैत्रपालवी, योग्य तुलना केली तर कळा आणण्यानेच सिझेरियन वाढते, असे आजचा पुरावा म्हणत नाही.

शब्दांकित · सोमवार, सायंकाळी ५:१०

कृष्णाकाठ यांनी विषय फार स्वच्छ मांडला आहे, तरीही मला त्यांच्याशी थोडे असहमत व्हायचे आहे. मी डॉक्टर नाही. सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीवर काम करतो.

‘अराइव्ह’मध्ये सहभागी होण्यास पात्र असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के बायकांनीच होकार दिला होता. त्याहून महत्त्वाचे असे की तिथे कळा आणल्यावर किती काळ धीर धरायचा, याबद्दल डॉक्टरांना ठरलेली अपेक्षा होती. आपल्याकडे तसा धीर प्रत्येक ठिकाणी धरला जातो का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, महाराष्ट्रात २५.४ आणि गोव्यात ३९.५ टक्के. खासगी रुग्णालयांत देशभराचे प्रमाण ४७.४ टक्के होते, सरकारी संस्थांत १४.३ टक्के. जिथे जवळजवळ प्रत्येक दुसरी प्रसूती शस्त्रक्रियेने होते, तिथे "कळा आणल्याने सिझेरियन कमी होते" हे अमेरिकी वाक्य तसेच्या तसे लागू करणे मला धोक्याचे वाटते. औषध तेच असेल, पण ते देणारी खोली वेगळी आहे.

कृष्णाकाठ · सोमवार, सायंकाळी ६:०० 

शब्दांकित यांचा मुद्दा मला मान्य आहे. मी तो पुढच्या प्रतिसादात लिहिणारच होते. फक्त एक दुरुस्ती सुचवते. सरकारी १४.३ टक्क्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रेही येतात, जिथे शस्त्रक्रियेची सोयच नसते. तिथली अवघड केस पुढे पाठवली जाते. त्यामुळे खासगी आणि सरकारी या दोन आकड्यांतला सगळाच फरक हेतूंचा आहे असे मानू नये. काही भाग मात्र नक्की हेतूंचा आणि सोयीचा आहे, हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल जबाबदारीने म्हणते.

वैनगंगा · सोमवार, रात्री ८:२५

मी विदर्भात सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून एकतीस वर्षे काम करून निवृत्त झाले. परदेशातले आकडे आले, म्हणून आपल्या नागपूरचाही एक अभ्यास सांगते. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांवर एक मोठा प्रयोग झाला आणि तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. कळा आणण्यासाठी गर्भाशयमुखात फोलीची नळी घालून फुगा फुगवणे बरे, की मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडावाटे देणे बरे, हे त्यात तपासले. चोवीस तासांच्या आत नॉर्मल प्रसूती गोळीच्या गटात ५७ टक्के जणींची झाली आणि फुग्याच्या गटात ४७ टक्के जणींची.

हे आकडे उलट बाजूनेही वाचा. चांगल्या गटातसुद्धा शंभरातल्या त्रेचाळीस जणींची नॉर्मल प्रसूती चोवीस तासांत झालेली नव्हती. कळा आणणे हे चोवीस तासांहून लांबणारे काम असू शकते, हे घरच्यांना आधी कोणी सांगत नाही. सकाळी दाखल केले की दुपारच्या चहाला पेढे येतील, या हिशेबाने सगळे बसलेले असतात. संध्याकाळ झाली की सासरची मंडळी दाराशी येतात, "सिस्टर, अजून किती वेळ, पोरीचे हाल बघवत नाहीत, सिझर करून टाका" म्हणतात. आत ती बिचारी अजून सुरुवातीच्या कळांत असते. या दबावाखाली झालेली सिझेरियन मी डोळ्यांनी पाहिली आहेत. आईची किंवा बाळाची प्रकृती बिघडली म्हणून ती झाली नव्हती. सगळ्यांचा धीर सुटला म्हणून झाली होती.

रानजाई · सोमवार, रात्री ९:४०

वैनगंगाताई, तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी बराच वेळ तशीच बसून होते. कृष्णाकाठ यांना विचारावेसे वाटते: माझ्या बाबतीत अकरा तास म्हणजे पुरेसा वेळ होता का?

कृष्णाकाठ · सोमवार, रात्री १०:३०

रानजाई, तुमची फाइल पाहिल्याशिवाय मी तुमच्या डॉक्टरांच्या निर्णयावर मत देणार नाही. बाळाचे ठोके कसे होते, हे आपल्याला इथून कळत नाही. नियम काय आहे, तो मात्र सांगते.

कळा आणण्याचे दोन टप्पे असतात. गर्भाशयाचे तोंड घट्ट, लांब आणि मागे वळलेले असेल तर आधी ते मऊ करावे लागते. त्यासाठी जेल, गोळी किंवा फुगा. तोंड मऊ होऊन थोडे उघडले की पाणमोट फोडून ऑक्सिटोसिनचे, म्हणजे कळा वाढवणाऱ्या औषधाचे, सलाईन लावायचे. तोंड तयार आहे की नाही हे ठरवायला बिशप यांनी १९६४ साली मांडलेली गुणपद्धत आहे: तोंड किती उघडले, किती पातळ झाले, मऊ आहे की कडक, मागे आहे की पुढे आणि डोके किती खाली आले, या पाच गोष्टींना गुण. एकूण तेरा. आठ किंवा अधिक असतील तर कळा आणल्या काय आणि आपोआप आल्या काय, नॉर्मल प्रसूतीची शक्यता साधारण सारखीच. सहा किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करायला हवे. बंद आणि कडक तोंडावर थेट सलाईन लावणे म्हणजे कुलूप न उघडता दार ढकलण्यासारखे आहे.

"कळा आणूनही यश आले नाही" असे कधी म्हणायचे, याबद्दल अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये स्पष्ट मत दिले. आई आणि बाळ ठीक असतील तर सुरुवातीच्या कळांना चोवीस तास किंवा अधिक द्यावेत, आणि पाणमोट फोडल्यानंतर ऑक्सिटोसिन किमान १२ ते १८ तास चालू ठेवल्याशिवाय अपयश म्हणू नये. त्याच मतानुसार तोंड सहा सेंटिमीटर उघडण्याआधी प्रसूतीची खरी गती सुरूच होत नाही, म्हणून त्याआधी "प्रगती थांबली" असा शिक्का मारू नये.

तुम्ही तुमची फाइल मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, आणि पुढच्या खेपेला तिचा उपयोगही होईल.

थेम्सतीर · मंगळवार, पहाटे ३:१५

इंग्लंडमधून लिहिते आहे. इथे सरकारी आरोग्यसेवेत सुमारे एक तृतीयांश बायकांच्या कळा आणल्या जातात. २०२१ साली मार्गदर्शक सूचनांचा एक मसुदा आला, त्यात गौरेतर आणि आशियाई बायकांना काही आजार नसला तरी ३९ आठवड्यांना कळा आणण्याचा विचार करावा, असे सुचवले होते. मी त्याच वर्षी गरोदर होते. केवळ माझ्या वंशामुळे माझ्या शरीराला वेगळा नियम लागतो, हे वाचून मला फार वाईट वाटले. बरीच टीका झाली आणि अंतिम सूचनांतून तो भाग वगळण्यात आला. मी एक्केचाळीस आठवड्यांपर्यंत थांबले, मग फुगा ठेवून कळा आणल्या. पाठीत कण्याजवळ वेदनाशामक घेतले आणि अठ्ठावीस तासांनी नॉर्मल प्रसूती झाली. त्या वेदनाशामकामुळे सिझेरियन वाढते असे माझ्या आत्याने फोनवर सांगितले होते. सुईणीने मला समजावले की अभ्यासांत तसे आढळलेले नाही.

तुळशीवृंदावन · मंगळवार, सकाळी ७:५०

आमच्याकडे आजी नववा लागला की एरंडेल देत असे. कोणी घेतले आहे का?

वैनगंगा · मंगळवार, सकाळी ८:३०

तुळशीवृंदावन, कृपया कोणी घरी घेऊ नका. एरंडेलाने आतड्यांना चालना मिळते आणि त्याबरोबर गर्भाशयही आकसू शकते, पण जुलाब आणि उलट्यांनी बाई गळून जाते आणि बाळाच्या ठोक्यांवर कोणाचे लक्ष नसते. आमच्याकडे अशा गळालेल्या मुली पहाटे यायच्या. आधी त्यांना पाणी चढवावे लागे आणि प्रसूतीचा विचार नंतर. एरंडेलाऐवजी, चाळीस आठवड्यांच्या सुमारास डॉक्टरांकडून आतली तपासणी करताना बोटाने पाणमोटेचा पडदा मोकळा करून घेणे हा साधा उपाय आहे. थोडे दुखते, डागही दिसतो, पण त्यामुळे बऱ्याच जणींच्या कळा आपोआप सुरू होतात.

पारिजात७ · मंगळवार, सकाळी ९:१५

माझे आधीचे सिझेरियन आहे. दुसऱ्या वेळी नॉर्मल व्हावे अशी इच्छा आहे. मला कळा आणता येतील का?

कृष्णाकाठ · मंगळवार, दुपारी १:२०

पारिजात, सगळी सोय असलेल्या रुग्णालयात, विचारपूर्वक आणता येतात, पण मिसोप्रोस्टॉल मुळीच नको. जुना टाका उसवण्याचा धोका आपोआप कळा आल्यास हजारी सुमारे चार, तर कळा आणल्यास हजारी सुमारे दहा इतका एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आढळला होता. म्हणून शक्यतो आपोआप कळांची वाट पाहतात. शस्त्रक्रियागृह आणि रक्ताची सोय हाताशी नसलेल्या ठिकाणी हा प्रयत्न करू नये.

शब्दांकित · मंगळवार, दुपारी २:००

मूळ प्रश्नाकडे येतो. चैत्रपालवी यांना कोणतीही तक्रार नाही. मग चाळिसाव्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी कळा आणण्याची गरज काय? एक्केचाळीसपर्यंत थांबले तर काय बिघडते?

कृष्णाकाठ · मंगळवार, दुपारी ३:१०

पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीने तारीख पक्की झालेली असेल, बाळाची वाढ, पाणी आणि ठोके ठीक असतील, तर एक्केचाळीसपर्यंत थांबणे योग्य आहे. चैत्रपालवींच्या आईंचा हिशेबही चुकीचा नाही. नऊ महिने नऊ दिवस म्हणजे सुमारे २८३ दिवस. आमचे चाळीस आठवडे म्हणजे २८०. दोन्ही मोजमापे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आहेत आणि त्यांच्यात साधारण तीनच दिवसांचा फरक आहे.

मात्र एक्केचाळीसच्या फार पुढे जाऊ नये, हेही तितक्याच ठामपणे सांगते. स्वीडनमध्ये एक्केचाळीस आठवड्यांना कळा आणणे आणि बेचाळीसपर्यंत थांबणे यांची तुलना चालू होती. २७६० बायका सहभागी झाल्यावर तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे दगावली आणि कळा आणलेल्या गटात एकही नाही. सिझेरियनचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, दहा-अकरा टक्के होते. निसर्गावर विश्वास ठेवावा, पण तारखेवरचे लक्ष सोडू नये.

नांदीकार · मंगळवार, दुपारी ४:३०

माझ्या बहिणीला चाळीस आठवड्यांना दाखल व्हायला सांगितले होते. घरच्यांनी अमावास्या टाळायची म्हणून चार दिवस थांबवले, मग चांगला मुहूर्त आहे म्हणून थेट सिझेरियनच मागितले. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. माझ्या बहिणीला काय हवे आहे, हे त्या चार दिवसांत कोणीही विचारले नाही. मीही विचारले नाही, याची मला आज खंत वाटते.

वैनगंगा · मंगळवार, सायंकाळी ६:१५

नांदीकार, तुमची खंत खरी आहे. आता तिला जवळ बसवून विचारा. उशीर झालेला नाही.

चैत्रपालवी, तुम्हाला माझे व्यवहाराचे सांगणे असे. डॉक्टरांना पुन्हा भेटा आणि कारण विचारा. माझ्या गर्भाशयाच्या तोंडाचे गुण किती आहेत, हे विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचे, आई-बाळ ठीक असल्यास तुम्ही मला किती तास द्याल, हे दाखल होण्याआधी विचारा. नंतर विचारण्याइतकी शुद्ध कोणालाच नसते. कळांच्या वेळी कोणीतरी आपले माणूस जवळ असेल अशी खोली मागा. सतत सोबत मिळालेल्या बायकांत सिझेरियन कमी होते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे, आणि एकतीस वर्षांत मी ते हाताने अनुभवले आहे. कंबर चोळणारा एक हात असला की पुढचे चार तास निघतात.

चैत्रपालवी · बुधवार, दुपारी १२:४०

सर्वांचे मनापासून आभार. आज वेळ मागून घेऊन डॉक्टरांना भेटले. वैनगंगाताईंचे तिन्ही प्रश्न कागदावर लिहून नेले होते. त्यांनी राग न मानता उत्तरे दिली. तोंड एक सेंटिमीटर, गुण तीन. माझे पहिले सोनोग्राफीचे कागद पाहून त्या म्हणाल्या की तारीख पक्की आहे, तेव्हा एक्केचाळीसपर्यंत थांबायला हरकत नाही, पण आठवड्यातून दोनदा रक्तदाब, पाणी आणि ठोके तपासायचे. किती तास द्याल, या प्रश्नावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "दोघे ठीक असाल तर दोन दिवसही देईन, पण तुझ्या घरच्यांना तू सांगून ठेव." आईला हे सांगितले तेव्हा ती पहिल्यांदा निर्धास्त दिसली.

रानजाई · गुरुवार, रात्री ११:१०

आज फाइल मिळाली. तीन वर्षांत पहिल्यांदा वाचली. दाखल होतानाचा सोनोग्राफीचा पाण्याचा आकडा ८ आहे. गर्भाशयाच्या तोंडाचे गुण कुठेही लिहिलेले नाहीत. फक्त "बंद" असा शब्द आहे. जेल दिल्याची नोंद नाही. पाणमोट फोडल्याची नोंद नाही. ठोके दर वेळी १३६, १४०, १४२. संध्याकाळी ६:५० ला "तोंड २ सें.मी., प्रगती नाही, सिझेरियन" असे लिहिले आहे.

कृष्णाकाठ · शुक्रवार, सकाळी ७:०० 

रानजाई, पाण्याचा आकडा ५ किंवा त्याखाली असेल तर आम्ही पाणी कमी म्हणतो. ८ हा कमी नाही. नोंदी तुम्ही लिहिल्या तशाच असतील, तर तुमच्या शरीराची परीक्षा झालीच नव्हती; मग ते नापास होण्याचा प्रश्न येत नाही. पुढच्या खेपेला हे कागद घेऊन या विषयातल्या जाणकार डॉक्टरांकडे लवकर जा. नॉर्मल प्रसूतीचा प्रयत्न करण्यास तुम्ही योग्य ठरण्याची बरीच शक्यता आहे.

चैत्रपालवी · पुढचा गुरुवार, दुपारी ३:५०

उशिरा लिहिते आहे, कारण मांडीवर मुलगा आहे. २ किलो ९०० ग्रॅम.

ठरले तसे झाले नाही. मागच्या गुरुवारी तपासणीत रक्तदाब १४६/९४ निघाला, चार तासांनी पुन्हा तेवढाच. लघवीत प्रथिने नव्हती. डॉक्टर म्हणाल्या की आता वाट पाहण्याचे कारण संपले. या धाग्यामुळे मला ते लगेच पटले. आठवड्यापूर्वी मी रडले असते.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता जेल ठेवले. ते फ्रिजमधून काढलेले होते, त्याचा गारवा आत जाणवला आणि मग अर्धा तास हलायचे नाही असे सांगितले. दुपारी दुसऱ्यांदा ठेवले. कळा येत होत्या आणि जात होत्या. संध्याकाळी काकू आणि मामा आले, "अजून काहीच नाही?" म्हणाले. आईने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून सांगितले की डॉक्टरांनी दोन दिवस दिले आहेत आणि आम्ही ते घेणार आहोत. रात्री मला थोडी झोप लागली. शनिवारी सकाळी तोंड तीन सेंटिमीटर होते, डोके उतरले होते. सात वाजता पाणमोट फोडली, पाणी स्वच्छ होते, आणि आठला सलाईन लावले. दुपारी दोनला सहा सेंटिमीटर. त्यानंतरचे फारसे आठवत नाही. नवरा कमरेवर हात दाबून धरत होता, आणि त्याने हात काढला की मी ओरडत होते, एवढे आठवते. ६:४० ला बाळ झाले. सुमारे पस्तीस तास लागले.

माझ्याच दिवशी जेल ठेवलेल्या शेजारच्या खाटेवरच्या ताईंचे सिझेरियन झाले. बाळाचे ठोके नव्वदवर येऊन तिथेच राहिले होते आणि सगळे धावत गेले. त्यांचे सिझेरियनही बरोबरच होते, त्यांचे बाळही छान आहे.

वैनगंगा · गुरुवार, दुपारी ४:१५

अभिनंदन, बाळा. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

रानजाई · गुरुवार, रात्री ९:३०

खूप खूप अभिनंदन. एकच विचारायचे होते. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे अकराव्या तासाला, तुम्हाला तपासले होते का? तेव्हा तोंड किती उघडले होते?

चैत्रपालवी · गुरुवार, रात्री ९:५५

हो, रानजाई. तपासले होते. दोन सेंटिमीटर.